पायापासून बटरफ्लायपर्यंत

जुन्या फियाटच्या किंवा प्रीमियर पद्मिनीच्या मालकाला गाडीचे दुखणे विचारले, की त्याचे बोट बहुतेक वेळा कार्बोरेटरकडे जाते. गाडी स्लोवर टिकत नाही, सिग्नलला बंद पडते. कधी उलटे होते: पाय काढला तरी रेस धरून ठेवते. पहिल्या गिअरमध्ये निघताना गचका देते, घाटात दम खाते. मग कार्बोरेटर खोलला जातो, जेट फुंकले जातात, मिक्श्चरचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर फिरवला जातो. काही दिवस बरे जातात आणि तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. अशा गाड्यांपैकी कितीतरींचा कार्बोरेटर निर्दोष असतो. दोष त्याच्या अलीकडे, चालकाचा पाय आणि कार्बोरेटरमधली चकती यांच्यामधल्या साखळीत असतो. काही दांड्या, दोन-तीन तरफा, चार-पाच सांधे आणि एक स्प्रिंग एवढीच ती साखळी. पुस्तकात तिला थ्रॉटल लिंकेज म्हणतात, गॅरेजमध्ये ‘ॲक्सिलेटरचे रॉड’. हे पुस्तक तिच्या दुरुस्तीचे आहे.

एवढ्याशा भागावर स्वतंत्र पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर या पुस्तकाच्या मुळाशी असलेल्या एका विचारात आहे. लिंकेजकडे आपण ‘रेस देण्याचे साधन’ म्हणून पाहतो आणि पॅडल दाबल्यावर गाडी पळते ना, एवढेच तपासतो. पण उघडण्यासाठी चालकाचा पाय असतोच, आणि पायाला पुष्कळ बळ असते. झिजलेली, वाकलेली, गंजलेली साखळीही पाय ओढून नेतो. मिटण्याच्या वेळी मात्र पाय बाजूला झालेला असतो. तेव्हा सगळा भार एका स्प्रिंगवर आणि सांध्यांच्या मोकळेपणावर येतो. म्हणून लिंकेजची परीक्षा उघडण्यात घेऊ नये, मिटण्यात घ्यावी. पाय काढल्यावर चकती दर वेळी त्याच जागी, तितक्याच झटकन परत येते का, हा एक प्रश्न धरून चालले की स्लो, पिकअप, पेट्रोलचा खप आणि सुरक्षितता या चारही गोष्टींचा उलगडा होऊ लागतो. पुढची सगळी प्रकरणे याच प्रश्नाभोवती रचली आहेत.

उदाहरणासाठी मी फियाट-पद्मिनीच निवडली, कारण ती आपल्या मातीत घडलेली गाडी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. इटलीतल्या फियाट कंपनीने १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११०० मालिकेची नवी गाडी मांडली आणि पुढच्याच वर्षापासून ती कुर्ल्यात जुळू लागली. तिच्या गोलमटोल बांध्यावरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि ते नाव आजही मायेने घेतले जाते. १९६४ मध्ये चौकोनी वळणाची ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर आणि बाकासारखी पुढची सीट यांच्यावर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची कित्येक दशके उभी होती. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा पुरी झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर उरली नाही.

टॅक्सी गेल्या तशी त्यांच्याभोवती उभी राहिलेली दुरुस्तीची दुनियाही आकसली. सकाळी गाडी आली की दुपारच्या पाळीच्या आत बॉलजॉइंट बदलून देणारे हात आता थोडे राहिले आहेत. इकडे घरातली जुनी गाडी जपणाऱ्यांची संख्या मात्र वाढते आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या नोंदणीची वेगळी तरतूद केली, तेव्हा अशा गाड्यांना वारशाचे स्थान मिळाले. कागदावर मिळालेले हे स्थान रस्त्यावर टिकवायचे, तर गाडी सुरक्षित चालली पाहिजे. रंग, क्रोम आणि सीटकव्हर यांवर पैसा खर्च करणारा मालक बॉनेटखालच्या एका दमलेल्या स्प्रिंगकडे पाहत नाही, ही मला या छंदातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते.

आता यंत्राकडे वळू. ॲक्सिलरेटरचे पॅडल दाबले की त्याची दांडी इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून पलीकडे जाते. तिथे एक आडवी दांडी किंवा कोनात वळलेली तरफ, जिला बेलक्रँक म्हणतात, त्या हालचालीची दिशा बदलते. तिच्या टोकाशी गोळी आणि वाटी यांचा सांधा असतो, म्हणजे बॉलजॉइंट. त्यातून निघालेली दुसरी दांडी कार्बोरेटरच्या बाजूच्या तरफेला ओढते. ही तरफ ज्या पोलादी दांडीवर बसवलेली असते तिला स्पिंडल म्हणायचे. स्पिंडलला मधोमध चीर असते आणि चिरेत दोन बारीक स्क्रूंनी धरलेली पितळी चकती, तीच बटरफ्लाय. ती फिरली की इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची वाट मोकळी होते.

ही वाट किती मोकळी होते, याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. नळीचा व्यास ३२ मिलिमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ८०४ चौरस मिलिमीटर भरते. चकती बंद स्थितीपासून ३० अंश फिरते तेव्हा त्यातले जेमतेम १३ टक्के मोकळे होते. निम्मे क्षेत्र मोकळे व्हायला ६० अंश फिरावे लागते. शेवटच्या तीस अंशांत उरलेला निम्मा भाग उघडतो. पण इंजिन स्लोवर किंवा कमी वेगात असताना त्याला मुळात हवा थोडीच लागते, त्यामुळे शहरातले बहुतेक ड्रायव्हिंग पहिल्या थोड्या अंशांतच होते. तिथे एका अंशाचा फरकही पायाला आणि कानाला कळतो. एका झिजलेल्या सांध्यात अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलाई, आहे असे समजा. असे चार सांधे मिळून दोन मिलिमीटर झाले. स्पिंडलची तरफ ४० मिलिमीटर लांब असेल, तर एवढ्यानेच चकती सुमारे तीन अंश इकडची तिकडे होऊ शकते. स्लोवर चकतीचे उघडेपण मुळात काही अंशांचेच असते. आता ट्रॅफिकमध्ये गाडी गचके का देते, हे सांगायला कार्बोरेटर खोलावा लागत नाही. उरलेल्या टोकाला दुसरी तक्रार दडलेली असते. प्लेमुळे किंवा दांडीच्या चुकीच्या लांबीमुळे शेवटचे पंधरा अंश मिळालेच नाहीत, तर पॅडल तळाला टेकूनही नळीचे पाव क्षेत्र झाकलेले राहते. शहरात हे लक्षात येत नाही. बोर घाटात, चढावर, ओव्हरटेक करताना येते.

प्लेइतकेच महत्त्व स्प्रिंग कुठे आहे याला आहे. परतीची स्प्रिंग स्पिंडलच्या तरफेलाच ओढत असेल, तर मधला एखादा सांधा निसटला तरी चकती मिटते आणि इंजिन स्लोवर येते. हीच स्प्रिंग फक्त पॅडलच्या बाजूला असेल आणि दांडी सुटली, तर चकती ज्या स्थितीत होती तिथेच राहू शकते. जुन्या गाड्यांत अनेक हातांनी अनेक वर्षे केलेल्या जोडाजोडीत नेमकी ही स्प्रिंग जागा बदलते, तिच्या ठिकाणी हाताला लागलेली कुठलीतरी स्प्रिंग येते, कधी तार गुंडाळून काम भागवलेले दिसते. म्हणून पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात स्प्रिंगची मूळ जागा, तिचा ताण आणि तिचे दोन्ही आकडे कसे तपासावेत, हे आले आहे. स्प्रिंग फार कडक असणेही वाईट. तिच्या एकाच दिशेच्या ओढीने स्पिंडल एका बाजूला घासत राहतो आणि भोक लांबट होते.

स्पिंडल ज्या भोकात फिरतो ते या साखळीतले सर्वांत नाजूक ठिकाण. कार्बोरेटरचे अंग मऊ मिश्रधातूच्या ओतकामाचे, स्पिंडल पोलादी, आणि बाहेरून येणारी धूळ दोघांमध्ये बसलेली. वाड्याच्या दाराची बिजागरी झिजली, की दार एक दिवस कडीला लागते आणि दुसऱ्या दिवशी लागत नाही. झिजलेल्या स्पिंडलवर बटरफ्लायचे तसेच होते. शिवाय इथे दुसरा घात होतो. स्लोवर चकतीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, जोरदार ओढ असते. त्या ओढीने स्पिंडलच्या कडेच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. ती कार्बोरेटरने मोजलेली नसते, त्यामुळे मिश्रण पातळ होते. इंजिन हेलकावे खात चालते, पाय सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. यावर सर्रास उपाय केला जातो तो मिश्रण दाट करण्याचा आणि तरफ मिटताना ज्यावर टेकते तो स्टॉप स्क्रू पिळून चकती थोडी उघडी ठेवण्याचा. चकती जास्त उघडी राहिली, की स्लोवरून वेग घेताना उपयोगी पडणारी तिच्या कडेजवळची बारीक छिद्रे आधीच उघडी पडतात. मग मिक्श्चरच्या स्क्रूचा ताबा उरत नाही. तो कितीही फिरवा, इंजिनाला फरक पडत नाही. इथवर आलेल्या गाडीचा कार्बोरेटर बिघडला असा निकाल दिला जातो आणि नवा आणून बसवला जातो. त्या नव्याला जुनीच साखळी ओढू लागते.

इंजिनाच्या बाजूची ही ओढ आणखी एक गंमत करते, जी समजल्याशिवाय निदान पुरे होत नाही. ती चकतीला आणि तिच्याबरोबर स्पिंडलला भोकाच्या एका बाजूवर दाबते. त्यामुळे इंजिन बंद असताना हाताला अगदी मोकळा वाटणारा स्पिंडल इंजिन चालू असताना अडकतो. उष्णतेने ओतकाम वेडेवाकडे फुगले, तर तो अडकण्याचा संभव वाढतो. म्हणून या पुस्तकात प्रत्येक तपासणी दोनदा सांगितली आहे: एकदा इंजिन थंड आणि बंद असताना, एकदा ते गरम आणि चालू असताना. दुसऱ्या तपासणीत हात, बाही आणि दुपट्टा पंख्यापासून दूर ठेवा, जवळ ज्वाला किंवा ठिणगी नको आणि गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेली हवी, हे मी तिथे वारंवार लिहिले आहे. पुनरुक्तीचा दोष पत्करून लिहिले आहे.

रेस अडकण्याची कारणे शोधताना नजर कार्बोरेटरपुरती ठेवून चालत नाही. पायाखालची जाड मॅट पॅडलला धरून ठेवते. पत्र्यातले रबरी बुश कडक होऊन दांडीला आवळते. चोकची केबल पूर्ण परत जात नाही आणि चोकला जोडलेली कडी चकतीला किंचित उचलून ठेवते. कार्बोरेटरचे नट पाना लावून फार आवळले, की त्याचा पाया वाकतो आणि स्पिंडलचे भोक तिरपे होते. झीज काहीच नसते, तरी स्पिंडल जड फिरतो. इंजिनाचे रबरी माउंटिंग बसले असेल, तर गिअर पडताना इंजिन डोलते, दांड्या ओढल्या जातात आणि पाय न हलवता रेस वाढते. या प्रत्येक कारणाची वेगळी खूण आहे, आणि ती ओळखण्याचा क्रम दुसऱ्या प्रकरणात आहे.

क्रम हा या कामाचा प्राण आहे. आधी साखळी कार्बोरेटरपासून सोडवायची. स्पिंडलची तरफ बोटाने थोडी, अर्धी, पूर्ण उघडून सोडून पाहायची. तिन्ही वेळा ती स्टॉप स्क्रूवर ठक्‌कन आपटली, तर कार्बोरेटरची बाजू निर्दोष. मग पॅडलची बाजू एकटी हलवून बघायची. मग एकेक सांधा धरून त्यातला प्ले बोटांनी चाचपायचा. दोष सापडला तो दुरुस्त करून, साखळी जोडून, दांडीची लांबी अशी ठेवायची की पाय मोकळा असताना चकती स्टॉप स्क्रूवरच टेकेल, दांडीने अडून राहणार नाही. नंतर एकाने पॅडल पूर्ण दाबायचे आणि दुसऱ्याने वरून पाहायचे: चकती नळीत सरळ उभी राहिली पाहिजे. त्याच क्षणी पॅडलही खालच्या अडसराला टेकले पाहिजे. नाहीतर पायाचा सगळा जोर तरफेवर येतो आणि दांडी वाकते. एवढे सगळे झाल्यावर, आणि त्यानंतरच, स्लो आणि मिश्रण यांना हात लावायचा. उलट्या क्रमाने केलेले काम पुन्हा करावे लागते.

दुरुस्तीच्या प्रकरणांत मी सर्वांत जास्त जागा स्पिंडलचे बुश बसवण्याला दिली आहे, कारण या कामात कौशल्य लागते आणि त्याबद्दल आपल्या भाषेत लिहिलेले फार थोडे आढळते. झिजलेली दोन्ही भोके मोठी करून त्यांत पितळी किंवा गनमेटलचे बुश दाबून बसवतात आणि रीमरने मापाला आणतात. दोन्ही बुश एकाच सरळ रेषेत आले पाहिजेत, म्हणून रीमर एका बाजूने घालून दुसऱ्या बुशमध्ये आधार घेत चालवायचा. फट शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची. बुश आत जास्त सरकून स्लोचे बारीक मार्ग झाकले जात नाहीत ना, हे पाहायचे. चकती काढण्याआधी तिची बाजू आणि दिशा कोरून ठेवायची, कारण तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात आणि ती उलटी बसली तर मिटत नाही. तिच्या स्क्रूंची टोके कारखान्यातच ठोकून पसरवलेली असतात. ती आधी घासल्याशिवाय स्क्रू फिरवला, तर स्पिंडलचे आटे जातात. जोडताना नवे स्क्रू घ्यायचे, चकती मिटवून, उजेडासमोर धरून मध्यावर आणायची, स्क्रू आवळायचे आणि त्यांची टोके पुन्हा पसरवायची. यात कसूर झाली आणि स्क्रू सुटला, तर तो थेट इंजिनात जातो. हे काम घरच्या ओट्यावर होणारे नव्हे. चांगला टर्नर गाठावा, त्याला मापे लिहून द्यावीत आणि तो काम करत असताना समोर उभे राहावे.

सुट्या भागांबद्दल. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या जुन्या बाजारांत बॉलजॉइंट, स्प्रिंग, दांड्या अजून मिळतात. मूळचे मिळाले तर उत्तम. मात्र न वापरलेला म्हणून दिला जाणारा प्रत्येक भाग चांगलाच असतो असे नाही. गोळी वाटीत फिरवून पाहा, आट्यांवर नट शेवटपर्यंत हाताने चालवून पाहा. गोळी आणि वाटी नेहमी जोडीने बदला. जुन्या चपट्या झालेल्या गोळीवर नवी वाटी बसवली, तर वाटीही लवकर जाते. भाग मिळालाच नाही, तर तो बनवून घेता येतो. या साखळीतले जवळजवळ काहीही असे नाही, जे साध्या लेथवर करता येणार नाही. ही या जुन्या यंत्राची फार मोठी श्रीमंती आहे.

आजच्या गाडीत पॅडलखाली सेन्सर असतो, कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन असते आणि चकती विजेची मोटर फिरवते. पॅडल किती दाबले, हे दोन वेगवेगळे सेन्सर मोजतात आणि त्यांचे पटले नाही तर संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. त्या अद्ययावत यंत्रणेतही वीज गेली तर चकतीला सुरक्षित जागी आणायला स्प्रिंगच ठेवलेली असते. म्हणजे मिटण्याचा प्रश्न अभियंत्यांनी तेव्हाही तितकाच गंभीरपणे घेतला होता आणि आजही घेतात. फरक इतकाच, की जुन्या गाडीत पहारा देणारा संगणक नाही. तो पहारा मालकाने आणि मेकॅनिकने करायचा आहे.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्याला स्वतः पाना हातात घ्यायचा आहे, त्याच्यासाठी यात पायरी-पायरीने कृती आहे. ज्याला काम करून घ्यायचे आहे, त्याला मेकॅनिकशी काय बोलावे आणि काम झाल्यावर काय तपासावे, हे कळेल. आणि जो तरुण आयटीआयमधून बाहेर पडून स्कॅनर लावून निदान करायला शिकला आहे, त्याला इथे बोटांनी निदान करण्याची वाट सापडेल. पेट्रोलच्या वासात आयुष्य घालवलेल्या मिस्त्रींचे ज्ञान बहुतांश हातात राहिले, कागदावर आले नाही. त्यांच्याजवळ उभे राहून जे पाहिले आणि विचारून घेतले, ते या पानांचा पाया आहे. त्यांचे ऋण मोठे आहे.

निगेबद्दलही थोडे सांगतो. कोकणात आणि मुंबईत खारी हवा आणि पावसाळा मिळून उभ्या गाडीचे सांधे धरून टाकतात. पावसाळ्याआधी आणि नंतर साखळी रॉकेलने धुवा, पुसून कोरडी करा, प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा थेंब सोडा. जाड ग्रीस थापू नका, त्यात धूळ बसून तीच सांधा घासते. गाडी महिनोन्‌महिने चालणार नसेल, तरी आठवड्यातून एकदा पॅडल दाबून सोडा आणि चकती मिटल्याचा आवाज ऐका.

आणि चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवा. क्लच दाबा, ब्रेक लावा, इग्निशन बंद करा. पण किल्ली काढून घेऊ नका, कारण लॉक असलेल्या गाडीत स्टिअरिंग अडकू शकते. गाडी कडेला घ्या. अडकलेले पॅडल पायाने उचकटण्यात वेळ घालवू नका. घरात जो जो ही गाडी चालवतो, त्याला हे एकदा उभ्या गाडीत करून दाखवा.

पहिले प्रकरण वाचायला घेण्यापूर्वी एक काम करा. इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा, परतीची स्प्रिंग शोधा, ती कुठे अडकवली आहे हे पाहा आणि तरफ पूर्ण उघडून सोडा. ती झटकन आपल्या जागी आली, तर पुस्तक सवडीने वाचा. ती रेंगाळली, तर गाडी उभी ठेवा आणि आजच वाचा.